गाडीत बोलू

इंजिन बसलं त्याचा सगळा दोष काटेसाहेबांच्या नोकरीचा, असं खुद्द काटेसाहेब सोडून सगळ्यांचं मत आहे.

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानोदुकानी हिंडून तराजू, वजनं, लिटरची मापं आणि पेट्रोलपंपांची मीटरं तपासली. ते गल्लीच्या तोंडाशी दिसले, की "काटेसाहेब आले" अशी कुजबूज एका दुकानातून दुसऱ्या दुकानात सरकत जायची आणि सगळे दुकानदार एकाच वेळी फडकी घेऊन पारडी पुसायला लागायचे. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. नोकरीने त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. काटा खोटं बोलतो. थरथरणारा तर बोलतोच, पण सरळ उभा राहून सभ्यपणाचा आव आणणारा जास्त बोलतो.

तर त्या रविवारी सकाळी काटेसाहेब आणि त्यांची बायको गाडीतून एका नातेवाइकाला भेटून परत येत होते. बायको शाळेत शिकवायची. अर्धा परिसर तिच्या हाताखालून गेलेला असल्यामुळे तिला सगळे "बाई"च म्हणायचे, आणि काटेसाहेबही चारचौघांत चुकून तसंच म्हणून जायचे. बाईंचं लक्ष समोरच्या तापमानाच्या काट्याकडे गेलं.

"अहो, हा काटा लाल रेघेत गेलाय."

काटेसाहेबांनी गाडी न थांबवता काट्याकडे, एखाद्या मुरलेल्या किराणा दुकानदाराकडे पाहावं तसं पाहिलं. मग काचेवर नखाने टिचकी मारली. काटा हलला नाही.

"काटा खराब आहे," त्यांनी निकाल दिला. "शंभरात बारा काटे खराब असतात."

"करपल्याचा वास येतोय."

"पुढच्या ट्रकचा."

"पुढे ट्रक नाहीये."

"गेला असेल."

असे चौदा किलोमीटर गेले. मग, कुणीतरी रागाच्या भरात स्वयंपाकघरातली भांडी जमिनीवर आपटावीत तसा बॉनेटखालून आवाज आला आणि गाडी पुलाच्या बरोबर मध्यावर उभी राहिली. काटा खरं बोलत होता. एकतीस वर्षांत काटेसाहेबांनी आणखी किती खऱ्या काट्यांवर अन्याय केला असेल, हा विचार त्या क्षणी त्यांच्या मनात आला असणार, कारण टोइंगवाला येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

आता एक जुनी गाडी बंद पडली, तर ती दुरुस्त करावी नाहीतर विकावी. यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. पण या घरात गाडी म्हणजे नुसती गाडी नव्हती. या घरात जे काही बोलण्यासारखं असे, ते गाडीत बोललं जाई.

त्याचं कारण भिंत. काटेसाहेबांच्या आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये जी भिंत होती, ती बिल्डरने बहुधा शेवटी उरलेल्या सामानातून उभी केली होती. पलीकडे एक निवृत्त बँक मॅनेजर एकटे राहत. त्यांना सगळे बँकवाले म्हणत. गृहस्थ सज्जन होते, पण त्यांना वेळ होता. पूर्वी एकदा काटेसाहेबांचं आणि बाईंचं कशावरून तरी वाजलं आणि दोघं दम घ्यायला थांबले, तेव्हा भिंतीपलीकडून शांत आवाज आला, "बाईंचं बरोबर आहे." त्याच दिवशी दोघं खाली उतरले, गाडीत बसले, काचा वर केल्या आणि उरलेलं भांडण पार्किंगमध्ये पूर्ण केलं. तेव्हापासून रीतच पडली. कुणाला काही अवघड सांगायचं असलं, की तो म्हणायचा, "गाडीत बोलू." काटेसाहेबांच्या आईचं दुखणं शेवटचं आहे, हे बाईंनी त्यांना गाडीत सांगितलं. मुलगी बारावीत एका विषयात नापास झाली, तेही गाडीत कळलं. आणि तीन वर्षांपूर्वी "मला परदेशात नोकरी मिळालीय, मी जातेय" हे मुलीने सांगितलं तेसुद्धा तिथेच. मुलगी वडिलांच्या शेजारच्या सीटवर, बाई मागे वह्या तपासत, आणि तिघांचीही तोंडं पुढे. कुणी कुणाचा चेहरा पाहायचा नाही. त्यामुळे सगळं सांगता यायचं.

मुलगी लोकांच्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवून देण्याचं काम करायची. तिकडच्या एका मोठ्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांना पुन्हा ऐकू यायला लागायचं ते तिच्यामुळे. इकडे मात्र तिचा आवाज दर रविवारी चार मिनिटं यायचा. "जेवलात?" "जेवलो. तू?" "मी पण. थंडी आहे का?" "नाही. तिकडे?" "आहे." की संपलं. काटेसाहेबांना तिला एकच प्रश्न विचारायचा होता. परत येणार का? दर रविवारी ते तो प्रश्न घेऊन फोनपाशी बसत आणि दर रविवारी न विचारता उठत. तो फोनवर विचारायचा प्रश्नच नव्हता.

इंजिन बसल्याच्या चौथ्या दिवशी, म्हणजे भलत्याच वारी, तिचा फोन आला.

"बाबा, मी येतेय. एकवीस तारखेला. पाचच दिवस." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "एक बोलायचंय. फोनवर नको. घरात तर नकोच. विमानतळावरून येताना गाडीत बोलू."

"हो हो," काटेसाहेब म्हणाले. "गाडीत बोलू."

फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, "तिला सांगितलं का नाहीत?"

"काय?"

"गाडी बंद पडलीय ते."

"एकोणीस दिवस आहेत," काटेसाहेब म्हणाले. "एकोणीस दिवसांत ऑपरेशन झालेली माणसं चालायला लागतात. गाडी का नाही लागणार?"

गाडीचा मेकॅनिक हा बाईंचा जुना विद्यार्थी होता. आता त्याला टक्कल पडलं होतं आणि त्याचं स्वतःचं तीन गाड्यांचं गॅरेज होतं, पण बाई आत शिरल्या की तो अजूनही हातातली सिगारेट टेबलामागे टाकून सरळ उभा राहायचा. त्याने बॉनेट उघडून आत टॉर्च मारली, थोडा वेळ बोटं फिरवली आणि डॉक्टर लोक बाहेर येऊन चष्मा काढतात तसा हातमोजा काढला.

"साहेब, हेड गेलंय. पिस्टन जाम झालेत. उघडून केलं तर होईल, पण सामान बाहेरून मागवावं लागेल. आणि एवढं करूनही किती वर्षं जाईल ते मी सांगणार नाही. नाहीतर आहे तशी विका. तुम्ही ठरवा."

त्याने खर्चाचा आकडा सांगितला. काटेसाहेबांनी तो पुन्हा सांगायला लावला, पण दुसऱ्यांदाही तो तेवढाच निघाला.

"एक विचारू?" मेकॅनिक म्हणाला. "काटा लाल झाला तेव्हा कुणाच्या लक्षात नाही का आलं?"

बाईंनी छताकडे पाहिलं. काटेसाहेब म्हणाले, "आम्ही ठरवून कळवतो."

ठरवणं एवढं सोपं असतं, तर जगात शेजारी कशाला निर्माण झाले असते? संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं. बँकवाल्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, की माणसाने यंत्रात जीव गुंतवू नये, सरळ विकून मोकळं व्हावं. स्वतः बँकवाल्यांची एक स्कूटर नऊ वर्षं झाकण घालून खाली उभी होती आणि दर महिन्याला ते तिची धूळ पुसत, पण तो विषय काटेसाहेबांनी सभ्यपणाने काढला नाही. इमारतीच्या सेक्रेटरींनी नियमावली आणून दाखवली. तिच्यात म्हटलं होतं, की पार्किंगची जागा फक्त "चालू स्थितीतील वाहना"साठी आहे. ही जागा महिनाभर रिकामी राहिली तर ती दुसऱ्याला द्यावी लागेल, आणि योगायोगाने सेक्रेटरींच्या जावयाने नुकतीच गाडी घेतली होती. बाईंचा धाकटा भाऊ दर दोन वर्षांनी गाडी बदलायचा. तो तर फोनवर ओरडलाच, "भावजी, सोळा वर्षांची गाडी? संग्रहालय काढायचंय का?" काटेसाहेब लोकांना चुकवण्यासाठी मागच्या जिन्याने उतरू लागले. तिथे त्यांना रद्दीवाला भेटला. त्याचंही मत होतं.

राहिलं नवराबायकोंनी आपसात ठरवायचं. आणि इथेच घोडं अडलं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान सोळा वर्षं दोघांनी महत्त्वाचं जे काही ठरवलं ते गाडीत बसून ठरवलं होतं. गाडीचं काय करायचं हेही गाडीतच ठरवायला हवं होतं, आणि गाडी तर गॅरेजमध्ये. त्यांनी बसथांब्यावर बोलून पाहिलं, तर मागचा माणूस चर्चेत सामील झाला. बागेतल्या बाकावर बोलून पाहिलं, तर बाईंचे तीन विद्यार्थी पायाशी वाकून गेले. शेवटी घरातच, कपडे धुण्याचं मशीन लावून, त्याच्या घरघरीच्या आडोशाने बोलायचं ठरलं. पंधरा मिनिटं ते बरं चाललं. बाई म्हणत होत्या विका, काटेसाहेब म्हणत होते दुरुस्त करू, आणि आवाज हळूहळू चढत गेला. मशीन कधी थांबलं ते दोघांनाही कळलं नाही.

"मला ती परत हवीय!" काटेसाहेब ओरडले.

मग भिंतीपलीकडून बँकवाल्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा हळू.

"गाडी की मुलगी?"

बाईंनी ओले कपडे काढायला घेतले. बराच वेळ एकच उशीचा अभ्रा त्या झटकत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघं गॅरेजमध्ये गेले. गाडी जॅकवर चढवलेली होती, पुढची दोन्ही चाकं काढून भिंतीला टेकवली होती आणि बॉनेट वर असल्यामुळे समोरच्या काचेतून बॉनेटशिवाय काही दिसत नव्हतं. "आम्ही जरा आत बसतो," बाई म्हणाल्या. मेकॅनिकने काही न विचारता स्टूल आणून लावलं. काटेसाहेब वर चढले, स्टिअरिंगमागे बसले आणि सवयीने सीटबेल्ट लावला.

"कुठे निघालात?" बाई शेजारच्या सीटवरून म्हणाल्या.

त्यांनी बेल्ट काढला नाही.

"मी विका का म्हणतेय, सांगू?" बाई बॉनेटकडे बघत म्हणाल्या. "ही सीट बघा. ती गेली तशी मागे सरकवलेली आहे. माझे पाय पुरत नाहीत, तरी तुम्ही मला ती पुढे घेऊ देत नाही. आपण गाडी तिच्यासाठी ठेवलीय. आणि ती आता येत नाही हे सांगायला येतेय. मला कळतं."

"तुला कळतं, आणि मी काय दगड आहे?" काटेसाहेबांनी बेल्ट घट्ट ओढला. "ती परत येतेय असंच सांगणार आहे. नाहीतर गाडीत बोलू कशाला म्हणेल? वाईट बातमी फोनवर सांगतात लोक. सोपं पडतं."

त्यांना खरं काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं होतंच. पण शेजारी बेल्ट लावून बसलेला तो माणूस पाहून त्यांना ते पुन्हा सांगवेना.

"तसं असेल तर गाडी लागेलच," त्या म्हणाल्या. "करा दुरुस्त."

इंजिन उघडलं. आणि जे उघडायला नको होतं तेही उघडं पडलं. इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याला, म्हणजे ब्लॉकलाच तडा होता. नवा ब्लॉक अठ्ठावीस तारखेच्या आत येणं कठीण, असं मेकॅनिक म्हणाला, आणि मुलगी तर एकवीसला. काटेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते रोज सकाळी दहा वाजता गॅरेजमध्ये जाऊन उभे राहू लागले. नुसतं उभं राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हवा भरण्याच्या मशीनचं मीटर तपासलं आणि ते दोन अंकांनी जास्त दाखवतं, असं जाहीर केलं. चौथ्या दिवशी मेकॅनिकचा पाना घेऊन त्याच्यावरच्या खुणा भिंगातून पाहिल्या.

"साहेब," मेकॅनिक कळवळून म्हणाला, "एवढं लक्ष त्या दिवशी काट्याकडे..." आणि मागे बाई उभ्या असलेल्या पाहून त्याने वाक्य गिळलं.

त्यातच मेहुण्याने नवं पिल्लू सोडलं. त्याच्या ओळखीचा एक माणूस ही गाडी आहे तशी घ्यायला तयार होता आणि बदल्यात एक बऱ्यापैकी चालती गाडी लगेच द्यायला तयार होता. म्हणजे एकवीस तारखेला विमानतळावर गाडी उभी! काटेसाहेबांचा जीव भांड्यात पडला. "गाडीत बोलायचंय ना? मग कुठलीही गाडी चालेल," ते बाईंना म्हणाले, पण त्यांच्या स्वतःच्याच आवाजात दम नव्हता. फक्त एक कागद हवा होता. इंजिन बाद झाल्याची वाहन कार्यालयातली नोंद.

वाहन कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत एक तरुण कारकून होता. त्याने अर्ज उलटा सुलटा पाहिला.

"गाडी घेऊन या. तपासणी होईल, मग नोंद होईल."

"गाडी चालत नाही. इंजिन बाद झालंय. तीच तर नोंद करायचीय."

"बरोबर. पण तपासणीला गाडी स्वतः चालत आली पाहिजे. ओढून आणलेली चालत नाही."

"चालत नाही म्हणून सांगायला ती चालत कशी येणार?"

"तो प्रश्न आमच्या कक्षेत येत नाही," कारकून म्हणाला.

काटेसाहेब खिडकीसमोर तसेच उभे राहिले. हे वाक्य त्यांचंच होतं. एकतीस वर्षं त्यांनी ते तराजू हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांना ऐकवलं होतं, याच तोऱ्यात, आणि प्रत्येक वेळी त्यांना आपण किती नेमकं बोललो असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून निवृत्त अधिकाऱ्याचं ओळखपत्र काढलं आणि खिडकीवर ठेवलं. कारकुनाने ते पाहिलं. काटेसाहेबांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "झालं का तुमचं?" त्यांनी ओळखपत्र परत खिशात घातलं.

एकवीस तारीख उजाडली तेव्हा गाडी दुरुस्तही झालेली नव्हती आणि विकलीही गेलेली नव्हती.

मुलगी विमानतळाच्या दारातून ढकलगाडी ढकलत आली. केस आखूड केले होते. वाळली होती. की आखूड केसांमुळे तशी दिसत होती, ते काटेसाहेबांना ठरवता येईना. तिने आईला मिठी मारली, मग वडिलांना, आणि बाहेर येऊन इकडेतिकडे बघत विचारलं, "गाडी कुठे लावलीत?"

"सर्व्हिसिंगला दिलीय," काटेसाहेब म्हणाले.

बाईंनी बॅग उचलली आणि दुसरीकडे पाहिलं.

टॅक्सीत मुलगी मधे बसली. शहराबाहेरच्या लांब रस्त्याला लागल्यावर तिने एक श्वास घेतला. काटेसाहेबांना तो ऐकू आला. लहानपणीही ती काही मोठं सांगायच्या आधी असाच श्वास घ्यायची.

"बाबा, तिकडे माझं..."

"तिकडे म्हणजे कुठे, ताई?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं. "माझा साडू पण तिकडेच असतो."

पुढची चाळीस मिनिटं साडूची होती. साडूचं घर, साडूचं गुडघ्याचं ऑपरेशन, साडूच्या बायकोचा स्वभाव. घरापाशी उतरताना काटेसाहेबांना साडूबद्दल सगळं माहीत झालं होतं आणि मुलीबद्दल काहीच नाही.

घरी बँकवाले पुष्पगुच्छ घेऊन दारातच उभे होते. मग मेहुणा आला. दुसऱ्या दिवशी मुलीच्या मैत्रिणी आल्या, तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आपल्या जावयाला कानाचं काहीतरी दाखवायला घेऊन आले. घर भरलेलं होतं, ती हसत होती, इस्पितळातल्या म्हाताऱ्यांच्या गमती सांगत होती, आणि काटेसाहेब खुर्चीत बसून तिच्याकडे नुसते पाहत होते. समोर असूनही तिची आठवण येत होती, हे मोठं विचित्र होतं. सकाळी ती झोपलेली असताना ते दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभे राहिले. फोनवरच्या चार मिनिटांत जेवढी भेटायची, तेवढीच ती याही तीन दिवसांत भेटली होती.

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिने विचारलं, "बाबा, सर्व्हिसिंग झालं का? उद्या तर मी जाणार."

काटेसाहेबांनी कप खाली ठेवला. आणि मग, भिंतीची पर्वा न करता, त्यांनी सगळं सांगून टाकलं. काटा, टिचकी, नसलेला ट्रक, चौदा किलोमीटर, ब्लॉकचा तडा, चार नंबरची खिडकी. मुलगी आधी तोंडावर हात ठेवून हसली, मग टेबलावर डोकं ठेवून हसली. बाई पण हसल्या. भिंतीपलीकडेही कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. हसून झाल्यावर मुलीने डोळे पुसले.

"पण गाडी आहे ना अजून?"

"आहे. इंजिन नाहीये तिच्यात."

"इंजिन काय करायचंय?" ती म्हणाली. "आपल्याला जायचंय कुठे?"

मेकॅनिकने तिघांना येताना पाहिलं आणि न सांगता स्टूल लावलं. आता समोर इंजिनाची जागा रिकामी होती आणि बॉनेट खाली आणून दोरीने बांधलेलं होतं, त्यामुळे समोर गॅरेजची भिंत आणि तिच्यावर टांगलेले पट्टे दिसत होते. काटेसाहेब स्टिअरिंगमागे, मुलगी शेजारी, बाई मागे. तिघांचीही तोंडं पुढे. काचा वर.

"मी तिथेच राहायचं ठरवलंय, बाबा," मुलगी म्हणाली. "इस्पितळाने कायम केलं. राहण्याचे कागदही झाले. वर्षातून एकदा येईन. कधी दोनदा."

त्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. विचारायचा तो प्रश्न आता उरला नव्हता, आणि तो नसल्यामुळे आत एकदम मोकळं मोकळं आणि भयंकर वाटत होतं. "मी म्हटलं होतं ना," असं मागच्या सीटवरून बाई म्हणाल्या नाहीत.

"बरं," काटेसाहेब म्हणाले. मग म्हणाले, "खूश आहेस ना?"

"आहे. आणि नाहीपण." तिने समोरचा खण उघडून पुन्हा लावला. "मी तिकडे एक गाडी घेतलीय. जुनीच. कामावरून सुटले की पार्किंगमध्ये जाऊन बसते आणि सुरूच करत नाही. दहा मिनिटं मोठमोठ्याने बोलते."

"कुणाशी?"

"तुमच्याशी. दिवसभरात काय झालं ते सगळं."

"लोक काय म्हणत असतील!" मागून बाई म्हणाल्या.

"त्यांना वाटतं फोनवर बोलतेय."

काटेसाहेबांनी समोरच्या पट्ट्यांवरची नजर हलवली नाही. "आणि मी काय म्हणतो?"

"तुम्ही 'हं' म्हणता. मग थोडा वेळ जाऊ देता, आणि परत 'हं' म्हणता."

"घरीसुद्धा एवढंच म्हणतात ते," बाई म्हणाल्या. "आणि मी?"

"तू मागून म्हणतेस, पुढे बघून चालव."

तिघंही हसले, पण काटेसाहेबांचं हसणं मधेच कुठेतरी अडकलं. तीन वर्षं त्यांना वाटत होतं, की ही उणीव एकट्या त्यांच्याच बाजूची आहे. तिकडे तिचं सगळं मजेत चाललं असेल, आणि रविवारचा फोन हा तिने उरकायच्या कामांपैकी एक असेल.

"मी पण बसायचो," ते म्हणाले. "खाली पार्किंगमध्ये. रविवारी, तुझा फोन झाल्यावर. हिला सांगायचो, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी चालू करायला जातो."

"बॅटरीला पाऊण तास लागत नाही," बाई म्हणाल्या. "मला काय कळत नव्हतं?"

मुलगी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघू लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक तेलाचं पिंप होतं. काटेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. गाडीतला नियम होता.

काचेवर टकटक झाली. मेकॅनिक होता. काटेसाहेबांनी हँडल फिरवून काच खाली घेतली.

"माफ करा साहेब, पण आत्ता फोन आला. ब्लॉक आलाय. चार दिवस आधीच. आज घेतला तर लगेच बसवायला घेतो, आठवड्यात गाडी रस्त्यावर. नको असेल तर दुपारच्या आत परत पाठवता येईल. काय करू?"

ज्या उत्तरासाठी काटेसाहेबांनी महिनाभर जिवाचं रान केलं होतं, ते द्यायला त्यांना फार वेळ लागला नाही. गाडी कुणाला तरी आणायला जाण्यासाठी ठेवली होती. ज्याला आणायला जायचं ते माणूस आता पाहुणं म्हणून येणार होतं, आणि पाहुण्याला टॅक्सी चालते.

"परत पाठवा," ते म्हणाले.

"म्हणजे विकायची?"

"विकायची."

"बाबा..." मुलगी म्हणाली.

"राहू दे. मोकळी होईल तीही बिचारी." मग ते मेकॅनिककडे वळले. "पण आज नाही. उद्या संध्याकाळी हिचं विमान गेलं, की मग काय करायचं ते करा. तोवर हिला कुणी हात लावायचा नाही."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "साहेब, जॅक मला दुसऱ्या गाडीला लागणार होता."

"साहेब काय म्हणाले, ऐकू आलं ना?" मागच्या सीटवरून बाईंचा शाळेतला आवाज आला.

"हो बाई," मेकॅनिक म्हणाला, आणि जाता जाता त्याने गॅरेजचं अर्धं शटरही खाली ओढून घेतलं.

काटेसाहेबांनी काच पुन्हा वर केली. हातातली चावी एकदा उगाचच फिरवून पाहिली. काही झालं नाही. ते सीटवर नीट टेकून बसले.

"हं, सांग आता," ते म्हणाले. "गेलीस त्या दिवसापासून सांग. काही गाळू नकोस. उद्यापर्यंत वेळ आहे."

मुलीने नाक पुसलं आणि पाय लांब केले.

"पहिल्या दिवशी ना बाबा, मला तिथल्या घराचं कुलूपच उघडेना. किल्ली उलटी लावतेय हे कळायलाच अर्धा तास गेला. बॅग घेऊन जिन्यात बसले आणि इतकी रडले, इतकी रडले..."

"हं," काटेसाहेब म्हणाले.